लॅपटॉप घेताना अख्खा नंबर वाचा: बेळगाव-सीमाभागातल्या नवख्यांसाठी

मे महिना सरत आला की माझा फोन वाजायला लागतो. "काका, पन्नास हजारांत गेमिंग लॅपटॉप येतो का?" विचारणारा मुलगा कधी अनगोळचा असतो, कधी खानापूरचा, कधी निपाणीकडच्या एखाद्या गावातला. मागून वडिलांचा आवाज येतो, "पन्नास नको, चाळीसपर्यंत बघा म्हणावं." उद्यमबागेतल्या एका कारखान्यातले कॉम्प्युटर सांभाळणं हे माझं रोजचं काम. त्यामुळे ओळखीपाळखीतल्या मुलांना घेऊन दुकानात जाणं ओघानं आलंच.

आपल्याकडच्या बहुतेक घरांत लॅपटॉपचे पैसे एका पगारातून निघत नाहीत. उसाचं बिल, भिशी, सोसायटीचं कर्ज, नाहीतर आईनं बाजूला ठेवलेली रक्कम, असं कुठून कुठून ते जमवलेले असतात. अभ्यास, फॉर्म, बँकेची कामं, सिनेमा आणि थोडं गेमिंग, एवढं सगळं पाच वर्षं ओढणारा लॅपटॉप बेताच्या पैशात मिळतो. त्यासाठी डब्यावरची मोठी अक्षरं सोडून बारीक अक्षरांतला अख्खा मॉडेल नंबर वाचायची सवय मात्र हवी. सगळी गंमत आणि सगळी फसगत त्या नंबरात आहे.

पहिली पायरी: कामं कागदावर लिहा

दुकानात जायच्या आदल्या रात्री घरातल्या सगळ्यांनी बसून यादी करा. घरात एकच लॅपटॉप येणार असेल तर तो एकट्या मुलाचा राहत नाही. सीमाभागात तर कामं दुप्पट. इकडे कर्नाटक सरकारच्या सेवासिंधू पोर्टलवरचे दाखले, भूमी या जमीन-नोंदींच्या पोर्टलवरचा उतारा, कर्नाटकची सीईटी. तिकडे महाराष्ट्रातल्या प्रवेशांत सीमाभागातल्या मराठी मुलांसाठी वेगळी सोय आहे, म्हणून तिथलेही फॉर्म. ही कामं दिसायला हलकी असतात. पण ब्राउझरमध्ये पंधरा टॅब, चार पीडीएफ आणि व्हॉट्सॲप वेब एकदम उघडलं की ४ जीबी रॅमचा लॅपटॉप तिथंच हँग होतो.

मग शिक्षण लिहा. बीकॉम, टॅली, एक्सेल एवढंच असेल तर ८ जीबी रॅममध्ये निभतं. कॉम्प्युटर सायन्सला जाणाऱ्या मुलाला पुढे अँड्रॉइड स्टुडिओ, व्हर्च्युअल मशीन असं काहीबाही लागतं, त्याला १६ जीबी हवी. मेकॅनिकल किंवा सिव्हिलला कॅडची ड्रॉइंगं येतात, तिथंही १६ जीबी. वेगळं ग्राफिक्स कार्ड (चित्र आणि गेम चालवणारा स्वतंत्र भाग; तो नसेल तर ते काम प्रोसेसरमधलंच ग्राफिक्स करतं) पहिल्या दिवसापासून लागतंच असं नाही. विद्यापीठ व्हीटीयू असो नाहीतर राणी चन्नम्मा, कॉलेजच्या सीनियर मुलांना विचारा की पहिली दोन वर्षं कुठलं सॉफ्टवेअर वापरलं. विक्रेत्यापेक्षा त्यांचं उत्तर भरवशाचं.

शेवटी गेम. नुसतं "गेमिंग" असं लिहू नका, नावं लिहा. व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक २, माइनक्राफ्ट, जीटीए ५ ही एक पातळी झाली, आणि नवे भलेमोठे गेम ही दुसरी. पहिल्या पातळीसाठी वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेला चांगला लॅपटॉप पुरतो. बीजीएमआय हे नाव यादीत असेल तर ते खोडा. तो मोबाइलचा गेम आहे, त्याच्यासाठी लॅपटॉप घेऊ नये.

दुसरी पायरी: पैशांची सीमा

लॅपटॉपवर सगळे पैसे घालू नका. दीड-दोन हजार बॅग, माउस आणि चांगल्या एक्स्टेन्शन बोर्डासाठी, आणि पुढे रॅम वाढवायला आणखी थोडे बाजूला ठेवा.

भाव सणासुदीला खाली येतात, एरवी वर जातात. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव चढल्यानं लॅपटॉपही महागले आहेत. म्हणून आकडे अंदाजाचे समजा. तीस हजारांच्या आत नवा विंडोज लॅपटॉप बहुतेक वेळा सेलेरॉन किंवा तसल्याच दुबळ्या प्रोसेसरचा असतो. पस्तीस ते पन्नास हा घरगुती वापर आणि हलक्या गेमिंगचा पट्टा. वेगळं ग्राफिक्स कार्ड हवं असेल तर पन्नास-पंचावन्नच्या पुढेच बघावं लागतं.

हप्त्यावर घेणार असाल तर "नो कॉस्ट" या शब्दावर थांबू नका. प्रक्रिया शुल्क किती, व्याजावरचा जीएसटी कोण भरणार, आणि रोखीनं घेतल्यास जी सूट मिळाली असती ती हप्त्यात जाते का, हे तिन्ही प्रश्न बिल बनायच्या आधी विचारा.

तिसरी पायरी: प्रोसेसरचा अख्खा नंबर

इथं जरा जास्त वेळ घालवतो.

गेल्या वर्षी वडगावच्या एका मुलाबरोबर दुकानात गेलो होतो. काउंटरवर दोन लॅपटॉप शेजारी शेजारी ठेवलेले. दोन्हींवर एएमडी कंपनीच्या "रायझन ५, ७००० सिरीज" प्रोसेसरचं स्टिकर, दोन्ही १५.६ इंची, दोन्ही रुपेरी. भावात चार हजारांचा फरक. मुलगा म्हणाला, "काका, सेमच आहेत की दोन्ही, स्वस्तातला घेऊया." मी त्याला दोन्हींचा पूर्ण नंबर वाचायला लावला. एक होता ७५२०यू, दुसरा ७५३०यू. फरक एका आकड्याचा, पण आतलं यंत्र वेगळंच.

रायझनच्या ७००० च्या मालिकेत चार आकडे असे वाचायचे. पहिला आकडा वर्षाचा, दुसरा दर्जाचा, आणि तिसरा आतल्या रचनेच्या पिढीचा. तिसऱ्या जागी २ असेल तर रचना झेन २, म्हणजे २०१९ सालची. ३ असेल तर झेन ३ किंवा तिची सुधारलेली आवृत्ती, ४ असेल तर झेन ४. ७५२०यू मध्ये ४ कोअर (म्हणजे एकाच वेळी काम करणारे भाग) आणि अगदी लहान ग्राफिक्स आहे, शिवाय त्याच्याबरोबर येणारी रॅम ऑनबोर्डच, म्हणजे आतल्या बोर्डावर कायमची बसवलेली असते, पुढे वाढवता येत नाही. ७५३०यू मध्ये ६ कोअर आहेत आणि त्यातलं ग्राफिक्स त्याहून बरंच दणकट. फॉर्म, टायपिंग, ऑनलाइन वर्ग एवढ्यासाठी ७५२०यू वाईट नाही. पण जीटीए खेळायचा म्हणून तो घेतला, तर मूल महिन्याभरात हिरमुसतं. आम्ही चार हजार जास्त घालून दुसरा घेतला.

७५३५एचएस, ७५३५यू असे नंबर दिसले तर आणखी चांगलं. त्यातलं रेडिऑन ६६०एम हे ग्राफिक्स हलक्या गेमिंगसाठी मला सगळ्यात पटतं. जुन्या ५००० च्या मालिकेला मात्र हा नियम लावू नका. तिथं ५५००यू झेन २ आहे आणि ५६२५यू झेन ३, दोन्हींत ६ कोअर, आणि आजही दोन्ही कामाचे आहेत.

इंटेलकडे वेगळी गुंतागुंत. आय३-१२१५यू मध्ये ६ कोअर, आय५-१२३५यू मध्ये १०. घरगुती कामाला आय३-१२१५यू खरोखर पुरेसा आहे, "आय३ म्हणजे कमी" असा आपल्याकडे उगाच समज आहे. आता गमतीचा भाग. शेवटचं अक्षर यू असेल तर वीज कमी खाणारा, एच असेल तर जोरकस. म्हणून लोक आय५-१२४५०एच बघून खूश होतात. त्याचा प्रोसेसर जोरकस आहे हे खरं, पण आतल्या ग्राफिक्सचे भाग ४८, तर साध्या १२३५यू मध्ये ८०. म्हणजे वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर गेमसाठी दिसायला लहान असलेला १२३५यूच सरस. एचवाला तेव्हाच घ्या जेव्हा बरोबर वेगळं कार्ड असेल. २०२४ पासून इंटेलच्या नव्या नावांतून "आय" गेला आहे आणि नुसतं कोअर ३, कोअर ५ असं लिहितात. तिथंही पूर्ण नंबर फोनवर शोधा आणि तीनच गोष्टी बघा: कोअर किती, ग्राफिक्सचं नाव काय, प्रोसेसर कुठल्या साली आला.

सेलेरॉन, पेंटियम, एन१०० ही नावं गेमिंगच्या यादीतून सरळ काढा. घरातल्या आजोबांना बातम्या आणि भजनं ऐकायची असतील तर एन१०० छान चालतो.

चौथी पायरी: रॅम किती, आणि कशी बसवलेली

किती हे सगळे विचारतात. कशी बसवलीय हे फार थोडे विचारतात, आणि खरं तर तेच महत्त्वाचं.

वेगळं ग्राफिक्स कार्ड नसतं तेव्हा ग्राफिक्सही याच रॅममधून आपला वाटा उचलतं. रॅमची एकच पट्टी असेल तर वाट एकपदरी. दोन पट्ट्या असतील तर वाट दुपदरी, आणि गेममध्ये फरक डोळ्यांना दिसतो. तोच गेम, तीच सेटिंग, पण एका पट्टीवर अडखळत चाललेला गेम दोन पट्ट्यांवर सुरळीत चालतो. म्हणून ८ अधिक ८ अशा दोन पट्ट्या एका १६ च्या पट्टीपेक्षा बऱ्या. इंटेलच्या आय५ मध्ये तर गंमतच आहे. डब्यावर आयरिस एक्सई असं ऐटीत लिहिलेलं असतं, पण रॅमची एकच पट्टी असेल तर विंडोज त्याच ग्राफिक्सला नुसतं यूएचडी म्हणतं.

माझा सल्ला असा: पैसे कमी असतील तर आज ८ जीबी घ्या, पण एक स्लॉट (पट्टी बसवायची खाच) रिकामा असलेलाच घ्या. पुढच्या वर्षी दुसरी ८ ची पट्टी टाकता येते. ८ जीबी ऑनबोर्ड आणि स्लॉट एकही नाही, असा लॅपटॉप कितीही स्वस्त मिळाला तरी विद्यार्थ्यासाठी घेऊ नका. तिसऱ्या वर्षाला पोचेपर्यंत तो कमी पडतो आणि मग करण्यासारखं काही उरत नाही. ऑनबोर्ड १६ असेल तर हरकत नाही.

पाचवी पायरी: वेगळं ग्राफिक्स कार्ड घ्यायचं का?

आरटीएक्स २०५०, आरटीएक्स ३०५० ही पन्नास-पंचावन्न हजारांच्या पुढे दिसणारी कार्डं. ती असली की जीटीए ५ चांगल्या सेटिंगवर चालतो, व्हिडिओ एडिटिंग पटकन होतं. शिवजयंतीच्या चित्ररथाचे, गणपतीच्या मिरवणुकीचे व्हिडिओ बनवणाऱ्या मुलांना त्याचा खरा उपयोग आहे.

पण किंमत फक्त रुपयांत मोजू नका. असे लॅपटॉप दोन किलोच्या वर जातात, चार्जर विटेएवढा असतो, बॅटरी लवकर उतरते, आणि चार्जर काढला की गेमचा वेग पडतो. जो मुलगा रोज खानापूरहून बसनं उभ्यानं बेळगावला कॉलेजला येतो त्याच्या खांद्याचा विचार करा. हॉस्टेलवर किंवा घरीच वापरणार असेल तर प्रश्न नाही.

घ्यायचंच ठरलं तर कार्डाच्या नावाबरोबर वॅट विचारा. एकाच नावाचं कार्ड वेगवेगळ्या लॅपटॉपमध्ये कमी-जास्त विजेवर चालवलेलं असतं आणि वेग त्यावर ठरतो. ग्राफिक्सची स्वतःची मेमरी ४ जीबी की ६ जीबी, हेही बघा. पैसे असतील तर ६ घ्या.

व्हॅलोरंट खेळणाऱ्यांसाठी एक सूचना. विंडोज ११ वर त्याला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या लॅपटॉपमधल्या सुरक्षेच्या दोन्ही सोयी चालू लागतात. नव्या लॅपटॉपवर ती असतातच, जुना घेताना तपासा. लिनक्सवर तो गेम चालत नाही.

स्टोरेज, स्क्रीन आणि बाकीचं

एसएसडी, म्हणजे फाइली साठवायची डिस्क, ५१२ जीबी, वेगवान एनव्हीएमई प्रकारची. विंडोजमध्ये ती ४७६ च्या आसपास दिसते, त्यात फसवणूक नाही, मोजायच्या पद्धतीचा फरक आहे. २५६ गेमवाल्याला पुरत नाही, कारण एकटा जीटीए ५ शंभर जीबीच्या पुढे जातो आणि काउंटर-स्ट्राइक २ साठी ८५ जीबी जागा लागते. ईएमएमसी (एसएसडीपेक्षा संथ प्रकार) असं लिहिलं असेल तर तो लॅपटॉप खाली ठेवा.

एवढे मोठे गेम मोबाइलच्या दिवसाला दीड-दोन जीबीच्या पॅकवर उतरत नाहीत. मित्राकडे फायबर असेल आणि गेम स्टीमवरचा असेल तर तो एकाच वायफायवरच्या दुसऱ्या लॅपटॉपमधून थेट घेता येतो, इंटरनेट जवळजवळ खर्च होत नाही.

स्क्रीन फुल एचडी आणि आयपीएस (कुठूनही बघितलं तरी रंग टिकणारी) असावी. दुकानात एक साधी परीक्षा करा: खुर्चीवरून उठून उभे राहा आणि वरून बघा. चित्र पांढुरकं किंवा काळपट पडलं तर ती साधी टीएन स्क्रीन. घरात दोघं-तिघं मिळून वापरणार असाल तर ती नकोच.

सहावी पायरी: बेळगावात, कोल्हापुरात की ऑनलाइन?

हा प्रश्न आपल्या भागातच पडतो. निपाणीच्या माणसाला कोल्हापूर जवळ वाटतं, चंदगडचा माणूस महाराष्ट्रातला असूनही बाजाराला बेळगावात येतो. कुणीतरी सांगतं की पलीकडे टॅक्स कमी आहे. तसं काही नाही. लॅपटॉपवर जीएसटी १८ टक्के, कर्नाटकातही तेवढाच आणि महाराष्ट्रातही तेवढाच. कंपनीची भारतातली वॉरंटी दोन्हीकडे चालते. भावात फरक पडला तर तो दुकानदारानं दिलेल्या सवलतीचा असतो. तीन-चारशे रुपयांसाठी कोल्हापूर गाठण्यात अर्थ नाही, तीन-चार हजार वाचत असतील तर जरूर जा.

दुकानात जायच्या आधी त्याच पूर्ण नंबराचा ऑनलाइन भाव फोनवर काढून ठेवा. "ऑनलाइन एवढ्याला आहे, तुम्ही कितीला देताय?" असं सरळ विचारा. आपल्याकडचे बरेच दुकानदार थोडं उतरतात, नाहीतर माउस-बॅग तरी देतात. हजारभर जास्त पडले तरी मी नवख्या माणसाला जवळचं दुकान सांगतो. पहिल्या आठवड्यात काही बिघडलं तर तोंडासमोर माणूस असतो. गणपत गल्ली, खडेबाजारात बाजाराला येणारच असता, जाता जाता विचारून येता येतं.

वॉरंटीबद्दल एकच प्रश्न विचारा, पण पिनकोड सांगून विचारा. "ऑनसाइट" लिहिलेलं असतं, मात्र ५९०००१ च्या शहरात कारागीर घरी येतो म्हणून ५९१३०२ च्या खानापुरातही येईल असं धरून चालू नका. कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन करून आपल्या गावाचा पिनकोड सांगा, जवळचं सर्व्हिस सेंटर कुठलं ते विचारा, आणि मगच ब्रँड ठरवा. माझ्या मते या किमतीत दोन ब्रँडमधल्या फरकापेक्षा सर्व्हिस सेंटर किती किलोमीटरवर आहे हा फरक मोठा.

आणि एक, "डॉस" असं लिहिलेला लॅपटॉप स्वस्त असतो कारण त्यात विंडोज नसतं. दुकानदार "टाकून देतो" म्हणेल ते विंडोज बहुधा चोरीचं. विंडोज ११ आणि शक्य असेल तर ऑफिस आधीपासून असलेलाच घ्या.

सातवी पायरी: काउंटरवरच तपासा, आणि स्वतःचंच अकाउंट टाका

डबा तुमच्यासमोर फोडायला सांगा. डब्यावरचा सीरियल नंबर, लॅपटॉपच्या पोटावरचा नंबर आणि बिलावरचा नंबर तिन्ही जुळले पाहिजेत. बिलावर जीएसटी क्रमांक आणि तुमचं पूर्ण नाव हवं.

लॅपटॉप सुरू झाला की कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडतो. त्यात परफॉर्मन्सवर जा. सीपीयूवर टिचकी मारली की प्रोसेसरचं पूर्ण नाव दिसतं, कागदावरच्या नंबराशी ताडून बघा. मेमरीवर मारली की "स्लॉट्स यूज्ड" या ओळीत २ पैकी १ असं काहीतरी लिहिलेलं असतं. त्याच्याजवळच "फॉर्म फॅक्टर" असतं. तिथं सोडिम लिहिलं असेल तर रॅमची पट्टी सुटी आहे. "रो ऑफ चिप्स" असेल तर ऑनबोर्ड. विक्रेता काहीही म्हणो, ही ओळ खोटं बोलत नाही. दोन मिनिटांचं काम आहे, पण परत यायचा हेलपाटा वाचतो.

आता सगळ्यात कळकळीची गोष्ट. आमच्याच गल्लीतल्या एका मुलीनं इंजिनिअरिंगसाठी लॅपटॉप घेतला. दुकानातल्या पोरानं "ताई, मी सगळं सेट करून देतो" म्हणून स्वतःचं ईमेल टाकून विंडोज सुरू करून दिलं. दीड वर्ष काही झालं नाही. मग एका दुरुस्तीनंतर निळी स्क्रीन आली आणि ४८ आकडी रिकव्हरी की मागू लागली. विंडोज ११ बऱ्याच लॅपटॉपवर डिस्क आपोआप कुलूपबंद करतं आणि त्या कुलपाची किल्ली पहिल्यांदा टाकलेल्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये ठेवतं. किल्ली त्या पोराच्या अकाउंटात, आणि पोरगा नोकरी सोडून कुठं गेला ते दुकानालाही माहीत नाही. प्रोजेक्ट जमा करायला दोन दिवस उरले होते. मी रात्री अकरापर्यंत तिच्या घरी बसलो, पण किल्लीशिवाय ते कुलूप उघडत नाही. शेवटी सगळं पुसून नव्यानं विंडोज टाकलं. तिचं दीड वर्षाचं काम, फोटो, नोट्स सगळं गेलं. लॅपटॉपबरोबर आलेलं ऑफिसही त्याच अकाउंटला चिकटलेलं, तेही तिच्या हाती आलं नाही. ती रडली नाही, नुसती की-बोर्डकडे बघत बसली, ते मला अजून आठवतं.

म्हणून दुकानात निघण्याआधीच घरी मुलाच्या किंवा वडिलांच्या नावानं मायक्रोसॉफ्ट अकाउंट तयार करा, पासवर्ड कागदावर लिहा, आणि सुरुवातीला ईमेल विचारलं की तेच स्वतःच्या हातानं टाका. दुकानदार मदत करायला कितीही प्रेमानं पुढे आला तरी.

जुना घ्यायचा असेल तर

वीस-पंचवीस हजारच असतील तर नव्या सेलेरॉनपेक्षा कंपन्यांतून निघालेला जुना लॅपटॉप मला जास्त आवडतो. थिंकपॅड टी४८०, लॅटिट्यूड ७४९०, एलिटबुक ८४० जी५ अशी नावं बघा. की-बोर्ड उत्तम, बांधणी मजबूत, रॅम वाढवता येते. गेमिंग मात्र जुन्या गेमांपुरतंच.

अट एकच: इंटेल आठव्या पिढीच्या खालचा नको. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ अधिकृतपणे आठव्या पिढीपासून पुढेच चालतं. नंबर ८२५०यू असा ८ नं सुरू झाला की आठवी पिढी. ६ किंवा ७ नं सुरू होत असेल तर दुकानदार "चालतंय की" म्हणेल, तरी सोडा.

बॅटरी तपासायला कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी लिहून, एक जागा सोडून, तिरकी रेघ आणि बॅटरीरिपोर्ट असं जोडून इंग्रजीत टाका (powercfg /batteryreport). जी फाइल तयार होते तिच्यात मूळ क्षमता आणि आताची पूर्ण चार्ज क्षमता दोन्ही असतात. निम्म्याच्या खाली आली असेल तर नव्या बॅटरीचे पैसे भावातून वजा करून मागा. सुरू होताना बायोसचा (विंडोजच्याही आधी चालू होणाऱ्या प्रोग्रॅमचा) पासवर्ड मागत असेल तर तो लॅपटॉप फुकटही घेऊ नका.

घरी आल्यावर

विंडोजच्या सेटिंगमध्ये भाषेच्या जागी मराठी आणि कन्नड दोन्ही जोडून घ्या. इनस्क्रिप्ट की-बोर्डची रचना सगळ्या भारतीय लिप्यांना जवळजवळ सारखीच आहे. इंग्रजी के च्या बटणावर मराठीत क येतो, कन्नडमध्येही क च येतो. एकदा बोटांना सवय झाली की दोन्ही भाषा त्याच बोटांनी लिहिता येतात. सीमाभागातल्या मुलाला पुढे नोकरीत याचा फार उपयोग होतो, मी कारखान्यात रोज बघतो. शिकायला कंटाळा येत असेल तर फोनेटिक की-बोर्डही विंडोजमध्येच आहे, वेगळं काही उतरवावं लागत नाही.

चार्जरला तीन पिना असतील तर त्या तीन पिनांच्या सॉकेटमध्येच लावा. जुन्या कौलारू घरांत अर्थिंग नसतं, किंवा लोक दोन पिनांचा जोड लावतात, आणि मग लॅपटॉपच्या पत्र्याला हात लावला की मुंग्या येतात. वायरमन बोलावून अर्थिंग करून घ्या. पावसाळ्यात वीज जाते-येते तेव्हा लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असल्यानं तो बंद पडत नाही, पण गडगडाट सुरू झाला की चार्जर भिंतीतून काढून ठेवा.

जांबोटी, कणकुंबीच्या पट्ट्यात चार महिने ओल भिंतीत मुरते. तिथल्या घरांत लॅपटॉप बॅगेत बंद करून ठेवू नका. बूट-चपलांच्या डब्यात येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या जवळ ठेवा आणि रोज नसला तरी दोन दिवसाआड लॅपटॉप तासभर चालवा, त्याच्या स्वतःच्या उष्णतेनं आतली ओल निघते. पाणी आत गेलेलं साध्या वॉरंटीत बसत नाही. गेम खेळताना तो गादीवर किंवा घोंगडीवर ठेवायचा नाही. खालची जाळी झाकली जाते आणि फॅन नुसता ओरडत राहतो. पाट चालतो.

बराच वेळ चार्जरवरच वापरणार असाल तर बऱ्याच कंपन्यांच्या ॲपमध्ये बॅटरी ८० टक्क्यांच्या आसपास थांबवायची सोय असते, ती चालू करा.

मग त्याच संध्याकाळी मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावर आपल्या अकाउंटात जाऊन रिकव्हरी की बघा. दिसली तर तिचे ४८ आकडे वहीच्या कोऱ्या पानावर मोठ्या अक्षरांत उतरवा, दुसऱ्याकडून वाचून ताडून घ्या, आणि ते पान बिलासकट त्याच प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये ठेवा जिच्यात घरचं रेशनकार्ड आणि उतारे आहेत.